ती पाने रद्दीत घालू नका

संपादक महाशय,

जुन्या वर्तमानपत्रांतील सिनेमाची पाने म्हणजे नटनट्यांच्या कुचाळक्या, ती जपण्यात जागा कशाला अडवायची, हे आपल्या पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. कुचाळक्या होत्या, मान्य. पण देशात सुमारे 1300 मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच उरले. बाकीचे कोणत्या थिएटरात लागले, तिकीट किती आणे होते, कामे कोणाची होती, हे आज बहुतांशी जाहिराती आणि परीक्षणांतूनच कळते.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर नाशकात येऊन 1913 मध्येच 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, तेही बायकांनी सिनेमात काम करणे निंद्य मानले जाई तेव्हा! फाळक्यांनी आपली धडपड 1917-18 साली 'नवयुग' मासिकात लिहिली, म्हणून ती त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोचली. ते अंक कोणी रद्दीत घातले असते तर?

जिल्ह्यातील वाचनालयांनी असे अंक स्कॅन करावेत आणि पेठ-सुरगाण्याच्या घरांत माळ्यावर पडलेले गठ्ठेही मागवून घ्यावेत.

— एक वाचक, पेठ (जि. नाशिक)