साडेबारा टक्के आणि दोनशे तास

उरणमध्ये सध्या कुणाच्याही घरी जा, चहा येईपर्यंत विमानतळाचा विषय निघतोच. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, आणि आमच्या नात्यातली बारावी सायन्सची मुलं एकदम वैमानिक व्हायला निघाली. माझ्या भावाचा नातू त्यातलाच एक. त्याचा बाप, म्हणजे माझा भाचा, परवा मला म्हणाला, "आत्या, आपल्या लोकांच्या जमिनींवर विमानतळ झाला, मग आपल्या पोराने विमान का नाही चालवायचं?"

वाक्य छान आहे, सभेत टाळ्या घेईल. पण त्या वाक्यामागे साडेबारा टक्क्यांतला शेवटचा प्लॉट विकायचा बेत आहे, म्हणून हे लिहायला बसले. नातेवाईक मंडळी इथे वाचतातच, तेव्हा प्रत्येकाला वेगळा फोन नको.

बाहेरच्या वाचकांना साडेबारा टक्के म्हणजे काय ते सांगायला हवं. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भाव फार तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, ही योजना त्या लढ्याचं फळ. आमच्या घराची भाताची खाचरं गेली आणि त्या बदल्यात जे आलं त्यातलं थोडं लग्नांत, थोडं घरबांधणीत, थोडं एका चारचाकीत गेलं. हा एवढा तुकडा उरलाय. तो भावाच्या नावावर व्हावा म्हणून आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या दिल्या होत्या, त्यामुळे कायद्याने मला यात बोलायचा अधिकार नाही. आत्या म्हणून आहे, आणि तो मी कुठल्याही कागदावर सोडलेला नाही!

आपल्याकडे नोकरीची एक ठरलेली कल्पना आहे. प्रकल्प आला, जमीन गेली, दाखला मिळाला, आणि नशीब असेल तर मुलगा 'ओएनजीसीत लागला' किंवा 'पोर्टात लागला'. विमानतळाकडेही आपण त्याच नजरेने बघतो. पण प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर मिळालीच तर विमानतळातली नोकरी मिळेल, कॉकपिटमधली नाही. आणि वैमानिक झालाच तरी कंपनी त्याला दिल्लीत ठेवील नाहीतर बेंगळुरूत. धावपट्टी घराजवळ असल्याचा त्याला उपयोग एवढाच, की रजेवर येताना टॅक्सीचे पैसे वाचतील.

आता हिशेब. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. ते गोंदियाजवळ बिरसीला करा, धुळ्याला करा, बारामतीला करा नाहीतर उत्तर प्रदेशात फुरसतगंजच्या सरकारी अकादमीत करा, सगळं धरून ५० लाखांच्या आसपास जातात. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत तर आकडा कोटीच्या घरात. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, कधी विमान नसतं, कधी शिकवणारा नसतो, त्यामुळे दीड वर्षाचं काम लांबत जातं. परवाना हातात आला की एअरबस किंवा बोइंग चालवण्याचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. आणि एवढं करून नोकरीची हमी कुणीही लिहून देत नाही.

भाचा म्हणतो, पेपरात तर वैमानिकांचा तुटवडा म्हणून छापून येतं. खरं आहे. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण तुटवडा असतो तो मुख्यतः अनुभवी कॅप्टनचा. परवाना घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्यांची रांग वेगळीच, आणि ती लांब आहे. त्यात २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले लोक रस्त्यावर आले आणि नवख्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं परवाना कपाटात ठेवून दुसरंच काही करणारी मुलं या देशात आहेत. कर्जाचा हप्ता मात्र कपाटात ठेवता येत नाही.

मुलाच्या आईची भीती निराळी. १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात ती विसरायला तयार नाही. आपल्या भागातल्याही घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती. या भीतीला माझ्याकडे आकड्यांत उत्तर नाही आणि मी ते द्यायला गेलेही नाही.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, बाई विरोधात आहेत. तसं नाही. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पोराची आवड खरी की ऐकीव हे थोडंफार कळतं. त्याला सहज विचारलं, आपल्या धावपट्टीला ०८ आणि २६ का म्हणतात? लगेच म्हणाला, "पुढे शून्य लाव आजी, होकायंत्राचे अंश. ८० आणि २६०." मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आतून त्याची मोठी बहीण म्हणाली, "पण चुंबकीय उत्तरेपासून मोजलेले हं, नकाशावरच्या नाही." ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक सांगता सांगता माझी हयात गेली, आणि इथे पोरगी भाजी चिरता चिरता सांगून गेली.

तिला कुणी विचारलंय का? १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी सगळ्या महिला कर्मचाऱ्यांसह इंडियन एअरलाइन्सचं फोकर कलकत्त्याहून सिलचरला नेलं, त्याला चार दशकं झाली. आज देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. प्लॉट विकायचाच असेल तर तो एकाच नातवाचा कसा?

माझं म्हणणं असं, की प्लॉटला आत्ता हात लावू नका. आधी वैद्यकीय तपासणी करा, ती काही हजारांत होते. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात, कानात किंवा हृदयात दोष निघाला तर तिथेच कळलेलं बरं. मग डीजीसीएचे पेपर: नॅव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात आणि कॉलेज सांभाळून ते देता येतात. पास झाल्याची मुदत असते, तेव्हा फार आधीही उरकायचे नाहीत. पोराने बीएस्सी सोडायची नाही. दोघांपैकी जो किंवा जी हे पेपर पार करील, त्याच्या उड्डाणाच्या पैशांचा विचार मग करा. तेव्हाही निम्मं कर्ज, निम्मा प्लॉट, आणि उरलेल्यावर दुसऱ्याचं नाव, हे आधी कागदावर लिहून.

दोघांच्या तपासणीचा खर्च माझ्या पेन्शनमधून करायचा, असं मी भाच्याला कळवलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.