कारा समुद्राचं आपल्याला काय?

पर्यावरणाच्या प्रोजेक्टला मी 'ध्रुवावरचा बर्फ' घेतला होता. पांढऱ्या अस्वलाचा फोटो, सीनियरची फाइल, रंगीत प्रिंट. मार्क चांगले पडले, डोक्यात काही शिरलं नाही. लातूरच्या पोरीनं समुद्र पाहिला तो सहलीत, तिला बर्फाचं काय पडलंय?

पडायला हवं, असं आता वाटतंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी शाळेत होते. त्या वेळी कोरड्या पडलेल्या मांजरा धरणाचे सगळे दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडावे लागले. सोयाबीन हाताशी आलं की पाऊस घात करतो, हे नांदेड-लातूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एक शक्यता मांडली: रशियाच्या उत्तरेला कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ घटणं आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असावा. उघड्या पाण्याची उष्णता हवेत जाते, वरच्या वाऱ्यांची घडी युरोपपासून आपल्यापर्यंत विस्कटते. अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्प तयारच!

आणि बर्फ नुसता उन्हानं वितळत नाही. अटलांटिकचं कोमट, खारट पाणी आर्क्टिकमध्ये खालून शिरतं. मधला गार, कमी खारट पाण्याचा थर बर्फाला त्या उष्णतेपासून वाचवतो. काराच्या शेजारच्या बॅरेंट्स समुद्रात हा थरच कमकुवत होतोय. दक्षिणेतही समुद्र बदलतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी बर्फ आधीच्या नीचांकाहून सुमारे १० लाख चौरस किलोमीटरनं कमी भरला. म्हणजे तीन महाराष्ट्र गायब.

अर्थात एखाद्या पुराचं खापर थेट बर्फावर फोडता येत नाही. नाल्यावर प्लॉटिंग काही कारा समुद्रानं केलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपला 'लातूर पॅटर्न' डॉक्टर-इंजिनिअर घडवतो, पण समुद्रविज्ञान हा शब्द मी एकाही करिअर मार्गदर्शनात ऐकला नाही. भारतानं २०१४ मध्ये स्वालबार्डच्या खाडीत 'इंडआर्क' हे यंत्र सोडलं, पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजायला. ते आकडे वाचणाऱ्यांत सप्टेंबरचं नुकसान घरात पाहिलेली पोरं का नसावीत?

परवा एक ज्युनियर माझी फाइल मागायला आला. अस्वलाचा फोटो काढून घेतला आणि त्याला आजोबांकडून गेल्या दहा सप्टेंबरांचा पाऊस लिहून आणायला सांगितलं. तोंड वाकडं करून गेलाय.