जुना गळ, नवा गळ

"जुनं ते सोनं" हा आजार फक्त पुण्यातच आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. बर्मिंगहॅमला आलो आणि तो दूर झाला.

हिवाळ्यात इथे ट्राउट पकडायला बंदी असते. मग हौशी मंडळी संध्याकाळी जमून माश्या बांधत बसतात. म्हणजे गळावर पिसं, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटा किडा तयार करायचा, माशाला फसवायला. (माशाला माशी हा विनोद करून झालाय, घरी कोणी हसत नाही.) गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका आजोबांनी मला एक जुनं पाकीट दिलं. आत त्यांच्या आजोबांच्या वेळचे, रेडिचला बनलेले गळ. "हे खरे गळ. आताचे म्हणजे नुसती वाकवलेली तार," आजोबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. त्या वेळी गप्प बसलो, म्हणून आज लिहितोय.

रेडिच इथून जवळच. सुया आणि गळांसाठी एके काळी जगभर नावाजलेलं गाव. तिथल्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. पण आदर वेगळा आणि गळाची प्रत वेगळी. घरी येऊन मी ते गळ एकेक करून व्हाइसमध्ये धरले आणि नखाने दाबून सोडले. चांगला गळ टणकन जागेवर येतो. कच्चा वाकतो आणि तसाच राहतो, ठिसूळ असेल तर मोडतो. माझ्याकडे तिन्ही प्रकार निघाले!

"इतकी वर्षं पडून होते, गंजले असतील," असं कोणी म्हणेल. ठीक. पण मग त्या काळची पुस्तकं उघडून बघा. माशी बांधण्याआधी प्रत्येक गळ तपासून घ्या, असं तेव्हाचे जाणकारच बजावून सांगतात. नव्याकोऱ्या पाकिटातला गळ! दुकानदारावर भरवसा असता तर हे सांगावं लागलं असतं का?

कारणही साधं आहे. पोलादाची तार तापवून तेलात विझवायची आणि पुन्हा बेताची तापवून तिचा ठिसूळपणा घालवायचा. आपल्याकडे लोहार पाणी देतो म्हणतात, तोच प्रकार. हे सगळं नजरेच्या अंदाजाने चालायचं. उलटा काटा हाताने चिरून काढायचा. घाव जरा खोल गेला की गळ तिथेच कमजोर. दहातले आठ सुंदर जमत असतील, पण उरलेले दोन कोणते हे नदीवर कळायचं. आज भट्टीचं तापमान यंत्र सांभाळतं. टोक घासून झाल्यावर आम्लात बुडवतात, त्यामुळे बारीक कंगोरे निघून जातात आणि गळ नखावर टेकवला तरी रुततो. चांगल्या जपानी गळांच्या पाकिटातला पहिला आणि शेवटचा गळ यांत फरक शोधून दाखवा.

आणि परंपरा म्हणजे नक्की कुठली? आजोबांच्या पाकिटातल्या गळांना नेढंच नाही. दांड्याला रेशीमकिड्यापासून काढलेला 'गट'चा तंतू बांधायचा. तो वापरण्याआधी भिजवायचा, आणि तो कुजला की चांगली माशीही फुकट. बारीक गळाला नेढं देऊन ही कटकट संपवायला १८७९ च्या सुमारास ज्यांनी खटपट केली, त्यांत एच. एस. हॉल होते. नाव ओळखीचं वाटतंय? 'हॉल अँड नाइट'च्या बीजगणितातले तेच हॉल! आपल्या कित्येक पिढ्यांनी ज्यांची गणितं सोडवत रात्री जागवल्या, ते हॉलमास्तर त्यांच्या काळात नवेच गळ मागत होते.

नव्याचे दोष मलाही दिसतात. सुईसारखं टोक दगडावर आपटलं की वळतं. चौदा नंबर म्हटला तरी दोन कंपन्यांचा चौदा सारखा नसतो. आणि सॅमनसाठीच्या जुन्या रंगीबेरंगी माश्यांना निमुळत्या दांड्याचे जुने गळ जसे शोभतात, तसे कारखान्यातले शोभत नाहीत. हे मान्य. पण शोभणं हा बांधणाऱ्याचा आनंद झाला. माशाचं काय?

इथे आम्ही बरेचदा पकडलेला मासा परत सोडतो. गळ मोडला तर तुकडा त्याच्या तोंडात राहतो. गळ बोथट असेल तर धड रुतत नाही, मासा फाटलेल्या तोंडाने सुटतो. म्हणून मला टोकदार, न मोडणारा, बिनकाट्याचा गळ हवा. तो पटकन लागतो आणि पटकन निघतो. जुन्या गळाचा काटा पक्कडीने दाबून बसवायला गेलो, तर टोकच हातात आलं. ते माशाच्या जबड्यात राहिलं असतं आणि आम्ही काठावर बसून कारागिरीच्या गप्पा मारल्या असत्या.

असो. आजोबांचं पाकीट मी टाकलेलं नाही. उरलेल्या गळांवर माश्या बांधून काचेमागे लावीन, आणि पहिली फ्रेम त्यांनाच देईन. पाण्यात मात्र नवाच गळ जाईल. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस अजून व्हायचंय.