शेवटच्या सुईची तारीख

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराचा कर्करोगावरचा उपचार एका छपराखाली क्वचितच होतो. केमो छत्रपती संभाजीनगरला नाहीतर बार्शीला, पेट स्कॅन तिसरीकडे, आणि मध्ये पेशी घसरल्या की ‘पांढऱ्या पेशींची सुई’ गावाकडच्या डॉक्टरांकडे. ही सुई म्हणजे फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम. फायलीत तिची नोंद बहुधा नसते, पण आपल्या पेट स्कॅनच्या पडद्यावर ती लख्ख उमटते. मणका न् मणका, कमरेची हाडं, मांडीच्या हाडांची वरची टोकं एकसारखी उजळलेली, जोडीला प्लीहाही. लिम्फोमाच्या रुग्णात हे पाहून आजार मज्जेत पसरल्याचा शेरा पडला, तर पुढचे उपचारच बदलतात. आणि मज्जेत खरोखर आजार असेल, तर तो या उजेडात दडून जातो.

केमोनंतरच्या पहिल्या दिवसांत गाठीतल्या जिवंत पेशीही ग्लुकोज कमी घेतात, तर मेलेल्या पेशी उचलायला आलेल्या मॅक्रोफेज पेशी एफडीजी ओढून घेतात. म्हणून केमो आणि स्कॅनमध्ये किमान १० दिवस, लिम्फोमाची केमो संपल्यावर शक्यतो ६ ते ८ आठवडे, सुईनंतर किमान २ आठवडे आणि पेगफिलग्रास्टिम असेल तर त्याहून जास्त. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. अडतं ते तारखेपाशी.

मुगा स्कॅनमध्येही आधी घेतलेलं औषध असंच आड येतं. डॉक्सोरुबिसिन घेणाऱ्यांचंच हृदय आपण त्याने तपासतो, आणि तेच औषध तांबड्या पेशींच्या लेबलिंगमध्ये अडथळा आणू शकतं. हेपरिन भरलेल्या लाइनमधून डोस दिला तर आणखी पंचाईत. मोकळं परटेक्नेटेट जठरात आणि थायरॉइडमध्ये जातं, हृदयाच्या कडा पुसट होतात आणि इजेक्शन फ्रॅक्शनवर भरवसा ठेवता येत नाही.

रुग्ण दारात आल्यावर हे विचारून उपयोग नाही. एफ-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, तोवर डोस वाटेला लागलेला असतो. समोरचा माणूस कोयत्याचा खाडा सोसून आलेला. त्याला ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणं हा अन्याय आहे. अपॉइंटमेंट देतानाच फोनवर विचारावं: शेवटची केमो कधी झाली? त्यानंतर पोटात किंवा दंडात सुई घेतली का? आणि मेडिकलची पावती आणायला सांगावं. औषधाचं नाव रुग्णाला आठवत नाही, पण पावतीवर नाव आणि तारीख दोन्ही असतात.

आपल्या विभागात असे प्रश्न मराठीत छापलेले असतील, तर तो कागद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू.