सरकारी आहे!

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात थर्माकोलचं फुटकं खोकं भिरकावायचं! रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर लिलावाच्या वेळी उभं राहा. पायाखाली खवले, बर्फाचं पाणी आणि राज्यात २०१२ पासून बंदी असलेल्या गुटख्याच्या पुड्या. खवल्यांबद्दल तक्रार नाही. मासळीच्या बंदराला मासळीचाच वास येणार. राग येतो तो बाकीच्या ऐवजाचा. तो टाकणारे फक्त मच्छीमार नाहीत. सुरमईसाठी घासाघीस करून पिशवी मागणारे आम्ही गाडीवालेही त्यात आलो.

जानेवारी २०२५मध्ये इथली अनधिकृत बांधकामं पाडली गेली. बांधकाम बुलडोझरने हटतं, पुडी फेकणाऱ्या हाताचं काय करायचं? नायलॉनचं टाकलेलं जाळं तर कुजतही नाही. पाण्यात मासे, कासवं अडकवत राहतं. आणि याच तालुक्यात, गावखडीच्या वाळूत, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

घरची मोरी आपण रोज घासतो. जेटीवर कुणाला हटकलं, तर उत्तर तयार असतं: ‘तुमचं काय जातंय? सरकारी आहे.’