सरासरी नको, मधलं घर दाखवा!



जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरताना एका आईने मला विचारलं, "मॅडम, वार्षिक उत्पन्न किती लिहू? गावाकडं सोयाबीन आलं तर वर्ष बरं जातं. नाही आलं तर इथल्या बांधकामावरच्या मजुरीवर भागवतो. कुठल्या वर्षाचं लिहू?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

एका घराचं उत्पन्न सांगणं इतकं अवघड असेल, तर अख्ख्या गावाचं किंवा तालुक्याचं कसं सांगायचं? आपण सरासरी काढतो आणि मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे की इथेच आपली फसगत होते.

फळ्यावर पाच घरांचं महिन्याचं उत्पन्न लिहा: 8, 9, 10, 12 आणि 61 हजार. बेरीज 1 लाख, सरासरी 20 हजार. पण पाचपैकी चार घरं 20 हजारांच्या आसपाससुद्धा नाहीत! आता आकडे चढत्या क्रमाने ठेवून मधला पाहा. 10 हजार. हा मध्यक. गावातलं साधं घर कसं जगतं, हे तो सांगतो.

याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पवनेकाठच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी केली. त्यांचं पुस्तक 1917 साली आलं. त्यांनी 103 कुटुंबांचे तीन गट केले. फक्त जमिनीवर ज्यांचं नीट भागत होतं अशी 8 कुटुंबं. बाहेरच्या मजुरीची जोड देऊन भागणारी 28. आणि दोन्ही मिळूनही न भागणारी 67. आता ही घरं बऱ्या स्थितीपासून बिकट स्थितीपर्यंत ओळीत उभी करा. मधलं घर 52वं. पहिल्या दोन गटांत मिळून 36च घरं आहेत, म्हणजे मधलं घर तिसऱ्या गटात! रुपयांचा एकही आकडा न घेता गावाची परिस्थिती कळली की नाही?

मान यांनी मागच्या काळाचाही हिशोब लावला. या गावात सरासरी जमीनधारणा 1771 मध्ये 40 एकर होती, 1818 मध्ये साडेसतरा आणि 1914-15 मध्ये 7 एकर. वाटण्या होत गेल्या, तुकडे पडत गेले.

आजचं चित्र पाहू. सरकारी पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 2012-13 मध्ये 6,426 रुपये होतं, ते 2018-19 मध्ये 10,218 झालं. वाढ छान दिसते. पण टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, महागाई किती वाढली? तेल, खत, डिझेल महागलं असेल तर वाढलेला पैसा तिथेच गेला.

दुसरा, पैसा कशातून आला? 2012-13 मध्ये पिकांतून 3,081 आणि मजुरी-पगारातून 2,071 रुपये येत होते. 2018-19 मध्ये पिकांतून 3,798, तर मजुरी-पगारातून 4,063. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातही मजुरी पुढे गेली. मान यांचा दुसरा गट आठवला ना?

तिसरा, घरं तीच आहेत का? आज पिंपळे सौदागरमध्ये टॉवर उभे आहेत. आज तिथला मध्यक काढला तर तो कितीतरी वर गेलेला असेल. पण त्यात बाहेरून राहायला आलेली नोकरदार कुटुंबं मोजली जाणार. जुन्या 67 कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांचं काय झालं, ते त्या आकड्यातून कळणार नाही.

हे सगळं मोठ्यांचं गणित आहे, असं म्हणू नका. सरासरी आपण प्राथमिकला शिकवतो, मध्यक मात्र थेट माध्यमिकला. तोवर "सरासरी म्हणजे सगळ्यांचं" हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. चौथी-पाचवीत हा खेळ घेऊन बघा. 11 मुलांना उत्पन्नाच्या काल्पनिक चिठ्ठ्या द्या, चढत्या क्रमाने उभं करा, सहाव्याला एक पाऊल पुढे यायला सांगा. मग शेवटच्या चिठ्ठीतला आकडा दुप्पट करा. सरासरी उडी मारते, पुढे आलेलं मूल मात्र जागचं हलत नाही! एक विनंती, मुलांच्या घरचं खरं उत्पन्न वर्गात कधीही विचारू नका. कुणाची मान खाली जाईल असा धडा आपल्याला नको.

पालकांनो, तुम्हीही पेपरात "सरासरी उत्पन्न वाढलं" असं वाचलं की मुलांना विचारा, "मधल्या घराचं काय झालं असेल रे?"

त्या आईला मी शेवटी म्हटलं, "ताई, मागच्या तीन वर्षांचं सांगा, आपण बसून मांडू." एक वर्ष बरं, एक वाईट, एक मधलं निघालं. दाखल्यावर नियमाप्रमाणे एकाच वर्षाचा आकडा गेला. पण तिच्या घराचं खरं वर्ष कोणतं, हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही कळलं होतं.