सिंगल न काढणारा गिटारिस्ट

ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनच्या बोनॅम्स या लिलावघरात एक जुनी गिटार विकली गेली. १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, रंग जवळपास सगळा उडालेला, आतलं लाकूड उघडं. लिलावघराचं कमिशन धरून किंमत गेली सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांवर, म्हणजे आपले नऊ कोटींहून जास्त. ती घेतली एका आयरिश कॉन्सर्ट कंपनीने आणि थेट आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. पुढे जानेवारी २०२५मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलजवळ ही गिटार वाजवणाऱ्या माणसाचा पुतळाही उभा राहिला.

आता खरं सांगा, रोरी गॅलहर हे नाव तुम्ही ऐकलंय? (इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्ये एक 'जी' आहे, तो उच्चारायचा नाही. सर्च करताना मात्र लागतो.) क्लॅप्टन, हेंड्रिक्स, जिमी पेज ही नावं गिटार हातात न धरलेल्यांनाही माहीत असतात. रोरी बहुतेकांना सापडतो तो लाइव्ह व्हिडिओतूनच. एक बघितला की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.

अशांना आपण पटकन 'अंडररेटेड' म्हणून मोकळे होतो. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला क्लॅप्टनच्याही पुढे नंबर दिला होता. क्वीनचा ब्रायन मे तरुणपणी त्याला भेटला, आवाजाचं गुपित विचारलं आणि तसाच व्हॉक्स एसी ३० अॅम्प आणि ट्रेबल बूस्टर घेऊन आला. म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. मग हे नाव आपल्यापर्यंत का आलं नाही?

मोठं कारण त्याचं स्वतःचंच. त्याला सिंगल काढायचेच नव्हते. रेडिओ चालतो हिट गाण्यांवर, पन्नास वर्षांनी निघणाऱ्या 'बेस्ट ऑफ' प्लेलिस्टही त्याच गाण्यांवर. ज्याचं हिट नाही, तो या साखळीतून आपोआप गळतो. त्यात चेक्सचा शर्ट आणि जीन्स, ना भानगडी, ना पोस्टरवर शोभेल असा अवतार. १९९५मध्ये, लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर, तो ४७व्या वर्षी गेला.

मला विचाराल तर त्याचे स्टुडिओ अल्बम चांगले आहेत, पण खरा रोरी स्टेजवरचाच. आणि स्टेज टिकलं ते टीव्हीमुळे. जर्मनीच्या डब्ल्यूडीआर या सार्वजनिक वाहिनीचा 'रॉकपालास्ट' हा कार्यक्रम त्याला पुन्हा पुन्हा बोलवायचा. जुलै १९७७मध्ये एसेन शहरातून झालेली त्यांची पहिली रॉक नाइट युरोपातल्या अनेक देशांत एकाच वेळी दिसली, आणि त्यात रोरी होता. कोणीतरी कॅमेरे लावले आणि टेप जपून ठेवल्या, म्हणून आज तुमचा अल्गोरिदम तो तुम्हाला दाखवू शकतो. टेपच नसती तर अल्गोरिदम काय दाखवणार, कप्पाळ?

'आयरिश टूर '७४' ही टोनी पामरची फिल्मही बघा. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बॉम्बस्फोट आणि गोळीबार रोजचे झाले होते, बहुतेक बँड बेलफास्टला यायला तयार नसायचे. हा मात्र येत राहिला. आज तिथे पुतळा का, याचं उत्तर त्या फिल्ममधल्या गर्दीच्या चेहऱ्यांवर आहे.

किंमतीची गंमतही बघा. कर्ट कोबेनची 'अनप्लग्ड'मधली गिटार २०२०मध्ये ६० लाख डॉलरला गेली. रोरीची त्याच्या पाचव्या हिश्श्यातच आली. बाजार वादनाला नाही, नावाला भाव देतो. पंधरा वर्षांच्या रोरीने ती १९६३मध्ये कॉर्कच्या दुकानातून १०० पौंडांना घेतली होती, तीही हप्त्यावर.

सुरुवात एसेनपासून करा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. आणि डाव्या हाताकडे सगळेच बघतात, तुम्ही उजव्याकडे बघा: पिक चालू असतानाच करंगळी व्हॉल्यूमची खुंटी फिरवत असते.